बाळाला कळत नाही, पण कळ येते

नमस्कार मंडळी. पत्र्यावर पाऊस वाजतोय, तेव्हा आवाज थोडा वाढवून ऐका. आजचा विषय तुमच्यापर्यंत अर्धवट पोचू नये असं मला वाटतं.

गेल्या महिन्यात आमच्या कुडाळ तालुक्यातल्याच एका गावात बारशाला गेले होते. पाळणा म्हणून झाला, नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटल्या. पडवीत सोनार सोन्याची तार घेऊन बसला होता, बारा दिवसांच्या मुलीचे कान टोचायचे होते. आई तिला छातीशी घट्ट धरून उभी. आजी म्हणाली, ‘‘अगो, येवडासा पोर ता, तेका काय कळता?’’ आणि मग माझ्याकडे वळून, ‘‘तुमीच सांगा, सिस्टर.’’

मी सतरा वर्षं नर्सचं काम करतेय. हातात सुईचा ट्रे घेऊन, घाबरलेल्या आयांना धीर द्यायला, हेच वाक्य मीही खूपदा बोललेय. त्या दिवशी मात्र मला ते बोलवेना. मी एवढंच म्हटलं, आज नको, थांबूया. सोनार चहा पिऊन गेला, आजी थोड्या रुसल्या. तिथं चार माणसांत सांगता आलं नाही ते आज सांगते.

आपल्या भाषेत ‘कळणं’ आणि ‘कळ’ हे शब्द शेजारीशेजारी राहतात. कळणं म्हणजे समजणं. कळ म्हणजे जी पोटातून उठते ती, बाळंतपणात आईला येते ती. सुई म्हणजे काय हे बाराव्या दिवशी बाळाला कळत नाही, हे आजींचं बरोबरच आहे. पण कळ यायला आधी काही कळावं लागत नाही.

ही चूक फक्त आपल्या आज्यांची नाही, मोठमोठ्या डॉक्टरांचीही होती. १९८०च्या दशकापर्यंत इंग्लंड-अमेरिकेतल्या चांगल्या इस्पितळांतसुद्धा नवजात बाळांची ऑपरेशनं पुरेशी भूल न देता होत होती. स्नायू सैल करणारं औषध द्यायचे, त्यानं बाळ हलत नाही. सोबत फार तर नायट्रस ऑक्साइड, हा सौम्य गुंगी आणणारा वायू. बाळ निपचित, पण वेदना थांबवणारं खरं औषध नाहीच. १९८५ साली अमेरिकेत वेळेआधी जन्मलेल्या एका मुलाचं हृदयाजवळच्या रक्तवाहिनीचं ऑपरेशन असं झालं. पुढे काही आठवड्यांनी तो गेला. त्याला भूल दिलीच नव्हती, हे त्याच्या आईला, जिल लॉसन यांना, नंतर समजलं. त्या गप्प बसल्या नाहीत. त्यांनी हे वर्तमानपत्रापर्यंत नेलं, आणि मग लोक विचारू लागले.

डॉक्टर निर्दय होते असं मी म्हणणार नाही. एवढ्याशा जिवाला भूल जास्त झाली तर श्वास थांबेल, रक्तदाब कोसळेल, ही भीती खरी होती. तिच्या जोडीला एक समजूत होती की बाळाच्या मज्जातंतूंवरचं आवरण, मायलिन, अजून पुरतं तयार नसतं, म्हणून वेदना मेंदूपर्यंत पोचतच नाही. ही समजूत साफ चुकीची निघाली. तुमच्या-माझ्या शरीरात ठसठसणारी, रेंगाळणारी वेदना ज्या बारीक तंतूंतून जाते, त्यांना मोठेपणीही मायलिन नसतंच. मायलिन कमी असलं तर संदेश सावकाश जातो इतकंच. आणि बाळाच्या टाचेपासून डोक्यापर्यंत अंतर तरी केवढं!

उलट, मला हलवून गेलेली गोष्ट वेगळीच आहे. मोठ्या माणसाचा मेंदू वरून खाली निरोप पाठवून वेदना थोडी दाबू शकतो. नवजात बाळात ही व्यवस्था अजून कच्ची असते. म्हणजे दार उघडं आहे आणि कडी बसवलेलीच नाही.

नवजात बाळालाही वेदना होते, हे पुराव्यानिशी मांडणाऱ्यांत एक भारतीय डॉक्टर होते, कंवलजीत सिंग आनंद. ऑक्सफर्डला काम करताना त्यांना दिसायचं की ऑपरेशनहून परत आलेली बाळं पांढरीफटक पडलेली, नाडी-रक्तदाब बिघडलेला. त्यांनी वेळेआधी जन्मलेल्या बाळांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीच्या औषधांबरोबर फेंटानिल हे वेदनाशामक दिलं, दुसऱ्याला दिलं नाही. ज्यांना दिलं नाही त्यांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं जास्त उसळली आणि ऑपरेशननंतरचा त्रासही जास्त झाला. हे १९८७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं सांगितलं की नवजात बाळालाही भूल दिली पाहिजे. १९८७! मोठ्यांना भूल द्यायला लागून तेव्हा एकशेचाळीस वर्षं होऊन गेली होती.

पुढे २०१५ साली ऑक्सफर्डलाच झोपलेल्या बाळांना एमआरआय मशीनमध्ये ठेवून त्यांच्या पायाला हलकंसं टोचलं. कातडी फुटत नाही, पेन्सिलीचं टोक लागावं इतकंच. वेदनेत मोठ्या माणसाच्या मेंदूचे जे वीस भाग जागे झाले, त्यांतले अठरा बाळाच्या मेंदूतही जागे झाले. आणि मोठ्यांच्या मेंदूला जेवढं उठवायला जोर लावावा लागला, त्याच्या चौथ्या हिश्शात बाळाचा मेंदू तेवढाच उठला. बाळाला नेमकं काय वाटतं ते कुणी त्याच्या आत शिरून पाहिलेलं नाही. पण हे चित्र पाहिल्यावर मी पुन्हा ‘काही होत नाही’ म्हणणार नाही.

[पडद्यावर बाळाच्या चेहऱ्याचं रेखाचित्र]

बाळ बोलत नाही, पण चेहरा बोलतो. इथे बघा. भुवया जवळ येऊन मध्ये फुगवटा, डोळे घट्ट मिटलेले, नाकापासून ओठापर्यंत खोल घडी, तोंड उघडं, जीभ ताठ. भुकेच्या रडण्यात हे सगळं एकदम सहसा येत नाही. आणि जे बाळ नाजूक आहे, काचेच्या पेटीत आहे, ते कदाचित रडणारही नाही. सारखं टोचून घेऊन दमलेलं बाळ हातपाय सैल टाकून गप्प पडून राहतं. आपण कौतुकानं म्हणतो, ‘शहाणं आहे, रडत नाही.’ मीही म्हटलंय.

‘मोठं झाल्यावर कुठे आठवणार?’ हाही एक नेहमीचा प्रश्न. त्याला आठवणार नाही, हे खरं. पण १९९७मध्ये कॅनडात सुंता झालेल्या आणि न झालेल्या मुलग्यांना चार ते सहा महिन्यांच्या लशीच्या सुईला किती त्रास होतो ते पाहिलं. ज्यांची सुंता बधिर करणारं औषध न लावता झाली होती ते सर्वांत जास्त कळवळले, बधिर करणारं मलम लावलेले त्याहून कमी. म्हणजे आठवण नसली तरी अंग काहीतरी धरून ठेवतं.

आता सुईच बंद करायची का? मुळीच नाही. बीसीजी, कावीळ-बी, व्हिटॅमिन के, सगळं वेळेवर घ्यायचं. दीड महिन्याच्या डोसाला तर एकाच दिवशी तीन सुया असतात, तीही चुकवायची नाही. फक्त आईनं सिस्टरला आधी सांगायचं, ‘‘मी पाजत असताना द्या.’’ सुईच्या थोडं आधी बाळाला अंगावर घ्या, ते नीट चोखायला लागू दे, मग मांडी मोकळी करा. सुई झाल्यावरही पाजणं चालू ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या सूचनांतही आईचं दूध आणि आईची मांडी आहे. याला एक रुपया लागत नाही. नंतर ती जागा चोळू नका, तेल तर नकोच.

बाळ दवाखान्यात असेल आणि टाचेतून रक्त घ्यायचं असेल, तर उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून धरता येईल का विचारा. बाबांनीही धरलं तरी चालतं. एक मात्र डॉक्टरांनाच करू द्या, ते म्हणजे साखरेच्या पाण्याचे थेंब. त्यानं चेहरा शांत होतो, पण २०१०च्या लंडनच्या एका अभ्यासात मेंदूतली वेदनेची खूण काही कमी झाली नव्हती. आणि घरी मधाचं बोट तर अजिबात नको. एक वर्षाच्या आत मधातून बोट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो.

बारशातली ती मुलगी परवा दीड महिन्याच्या डोसाला आली होती, आजीही सोबत. आईनं पदराखाली घेतलं, मी खाली बसून सुया दिल्या. तिसऱ्या सुईला ती ओरडली, चेहरा लालबुंद झाला, आणि मग पुन्हा चोखायला लागली. आजी सगळं बघत होत्या. बाहेर चपला घालताना हळूच म्हणाल्या, ‘‘मगे कान कधी टोचूचे?’’

मी म्हटलं, ‘‘साडेतीन महिन्यांचो डोस होऊंदे, आजी. आणि टोचतानाय ती आवशीच्या अंगार असांदे.’’