रात्रपाळी कोणाची?

नमस्कार श्रोतेहो.

घरात कोणी अंथरुणाला खिळलं की नातेवाईकांचे फोन सुरू होतात. तब्येत कशी आहे, जेवण जातंय का, डॉक्टर काय म्हणाले. विचारपूस रुग्णाची होते आणि ती व्हायलाच हवी. पण फोन उचलणारी सून, मुलगी, किंवा बायकोचं सगळं करणारा सत्तरीतला नवरा, यांच्याबद्दल आज मला बोलायचं आहे. आणि त्यांच्या भावाबहिणींशी, दीरनणंदांशीही.

माझ्या सासूबाईंना अर्धांगवायू झाला. घरी सोडताना नर्स म्हणाल्या, ‘दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील.’ म्हणजे रात्री अकरा, एक, तीन, पाच. अंगाखालची दुमडलेली चादर दोन्ही हातांनी धरायची, त्यांना आपल्याकडे ओढून घ्यायचं, पाठीशी उशी लावायची, कमरेखाली हात घालून ओल लागतेय का बघायचं. ओलं असेल तर डायपर बदलायचा. मग सकाळी डबा आणि ऑफिस. असं महिनोन्महिने चाललं की कंबर धरते, रक्तदाब वाढतो. त्यांच्या गोळ्यांचा डबा वेळेवर भरलेला असतो. आपल्या बीपीच्या गोळ्या कधी संपल्या ते कळतही नाही.

नोकरीत आधी किरकोळ रजा संपते, मग अर्जित, मग बिनपगारी सुरू होते. बढती आली की बदलीही येणार, म्हणून ती नको असं लिहून दिलं जातं. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना मुलांच्या संगोपनासाठी पूर्ण सेवेत ७३० दिवसांची रजा मिळते. अंथरुणावरच्या आईवडिलांसाठी तशी वेगळी रजा नाही, आपल्याच शिलकी रजांमधून भागवायचं. ती असायला हवी, असं मला ठामपणे वाटतं. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयातल्या ४१ टक्के स्त्रिया घरच्या माणसांची देखभाल करताना दिसल्या. त्यात मुलांचं करणंही आलं. पुरुष साधारण २१ टक्के.

मनाचं दुखणं मात्र कुठल्याच तक्त्यात मावत नाही. जेवण होऊन दहा मिनिटं झालेली आई चौथ्यांदा म्हणते, ‘मला कुणी जेवायलाच दिलं नाही.’ आपला आवाज चढतो. मग स्वयंपाकघरात जाऊन रडू येतं. ‘कधी सुटका होणार यातून’ असं मनात येतं आणि स्वतःचीच लाज वाटते. तसं मनात आलं म्हणजे माया आटली, असं नाही हो. अंगात त्राण उरलेलं नसतं, झोप झालेली नसते.

गोव्यातल्या दोन तालुक्यांत स्मृतिभ्रंशाचे रुग्ण असलेल्या ८१ कुटुंबांचा एक अभ्यास झाला होता, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. स्थानिक, थोडं प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्या घरी जायच्या, आजार समजावून सांगायच्या, सांभाळणाऱ्याचं ऐकून घ्यायच्या. सहा महिन्यांत रुग्णाच्या वागण्यात ठळक फरक पडला नाही, पण सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाला. कुणीतरी नेमाने घरी येतं, एवढ्यानेही किती आधार होतो बघा.

म्हणून भावाबहिणींनो, ‘काही लागलं तर सांग’ असं म्हणू नका. थकलेलं माणूस सांगत नाही. ‘शनिवारची रात्र माझी’ असं म्हणा, आणि शनिवारी संध्याकाळी बॅग घेऊन या. चादर कशी ओढायची ते शिकून घ्या. परगावी, परदेशी असाल तर घरी रुग्ण सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोतून रात्रीच्या मावशी लावून द्या आणि त्यांचा पगार परस्पर भरा. आणि मावशी एखाद्या दिवशी आल्या नाहीत, तर ब्युरोला फोनही तुम्हीच करा.

जे सांभाळताहेत त्यांना एवढंच सांगते, झोप उडाली असेल, सारखं भरून येत असेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर लावा. मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीतून बोलता येतं. रुग्णाला तपासायला डॉक्टर घरी येतील त्या दिवशी आपलाही हात पुढे करा, बीपी मोजून घ्या.

नमस्कार.