खाडीपलीकडची मिस्सा

[दृश्य : रेवदंडा. नारळ-सुपारीच्या वाड्या. झावळ्यांच्या वर डोकावणारा दगडी मनोरा.]

रेवदंड्यात हा मनोरा सगळ्यांना ठाऊक आहे. सातखणी. सात मजल्यांचा, म्हणून सातखणी. नवखा माणूस त्याला टेहळणीचा बुरूज समजतो. पण हा चर्चचा मनोरा. फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संन्यासी संघाच्या पाद्र्यांच्या, संत बार्बराच्या नावाच्या चर्चचा.

१५२१ साली निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी चौलला, म्हणजे आजच्या रेवदंड्याच्या जागी, ठाणं बांधायला घेतलं. पुढे कोट वाढला, तशी कोटातली चर्चही वाढली. कॅथेड्रल झालं, डॉमिनिकनांचं झालं, जेझुइटांचं झालं. एवढ्याशा कोटात एवढी! प्रत्येक संघाला आपली घंटा वेगळी हवी होती, असंच म्हणायचं.

[दृश्य : छप्पर नसलेली कमान. भिंतीत रुजलेला पिंपळ.]

१७३९च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई जिंकली आणि चौलचंही भवितव्य ठरल्यातच जमा झालं. १७४०च्या तहाने चौल मराठ्यांकडे आलं. ज्यांना जमलं ते गोव्याला गेले. चर्चला ना पाद्री उरला, ना भाविक. मग पावसाळ्यांनी आपलं काम केलं. कोकणात शाकारणी चुकली की घर टिकत नाही, तिथे चर्च कसं टिकणार?

वसईतही अशीच पडकी चर्च आहेत. पण तिथे संत गोन्सालो गार्सिया यांच्या सणाला माणसं पुन्हा किल्ल्यात जमतात, उघड्या आभाळाखाली मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती लोकांची सामुदायिक उपासना, होते. रेवदंड्याच्या प्रार्थनेने वेगळी वाट धरली. तिने खाडी ओलांडली.

[दृश्य : साळावचा पूल. खाली कुंडलिका. समोर समुद्रात शिरलेली कोर्लईची टेकडी.]

या टेकडीवरही किल्ला आहे. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तो निजामशाहीकडून घेतला. त्यातलं चर्चही आज उघडंबोडकं. पायथ्याच्या गावातली वस्ती मात्र कुठे गेली नाही. राज्य गेलं, जहाजं गेली. इथली ख्रिस्ती कुटुंबं शेतीभातीला धरून राहिली.

आणि त्यांच्याबरोबर राहिली एक भाषा. ते तिला ‘नॉ लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आपली भाषा’. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्याची घडण आपल्यासारखी : क्रियापद शेवटी. चावी, पगार, बटाटा असे पोर्तुगीज शब्द आपणही रोज वापरतो, पण सुटे सुटे. कोर्लईत अख्खा संसारच त्या शब्दांत चालतो. जगात ही भाषा बोलणारे जेमतेम हजारभर, आणि ते बहुतेक सगळे या एकाच गावात.

ती टिकली कशी? एक धागा प्रार्थनेचा होता. गावातल्या माउंट कार्मेल मातेच्या चर्चमध्ये १९६०च्या दशकापर्यंत पोर्तुगीजचा वावर होता. खाडीपलीकडची घंटा बंद पडून दोनशे वर्षं उलटली, तरी इथे त्या भाषेत देवाला हाक मारली जात होती. पाद्र्याची पोर्तुगीज शुद्ध आणि गावाची वेगळी, तरी नातं कानाला कळायचं.

१९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये कॅथलिक चर्चची दुसरी व्हॅटिकन परिषद भरली आणि लोकांच्या भाषेत उपासना करायला मोकळीक मिळाली. कोर्लईत लोकांची भाषा कोणती धरायची? शाळेची, बाजाराची, तालुक्याची मराठी आली. निर्णय सोयीचाच होता. पण घरातली भाषा वेदीपर्यंत पोहोचली नाही, याची चुटपुट मला हे चित्रण करताना लागून राहिली.

[दृश्य : रविवार सकाळ. चर्चमधले बाक. डोक्यावर पदर घेतलेली एक म्हातारी.]

‘हे आमच्या स्वर्गातील पित्या...’ सगळे एका सुरात म्हणतात. म्हातारीचे ओठ हलताहेत. हातातली जपमाळ एकेक मणी पुढे सरकते.

[दृश्य : मिस्सा संपते. माणसं पायऱ्या उतरतात.]

दाराबाहेर पाऊल पडलं की मराठी मागे राहते. कुणी कुणाला हाक मारतं, कुणी आज मासळी काय आली ते विचारतं, एक पोर आजीच्या पदराला धरून काहीतरी मागतं. आजी त्याला दटावते.

नॉ लिंगमध्ये.