आपल्या नावाने लावलेली बोली

श्रोतेहो, नमस्कार.

सप्टेंबर २०१७ मध्ये अ‍ॅमेझॉन कंपनीने एक जाहीर आवाहन केलं. सिएटलमधल्या मुख्यालयाच्या तोडीचं दुसरं मुख्यालय उत्तर अमेरिकेत कुठेतरी उभारायचं आहे, पाच अब्ज डॉलर गुंतवू, पन्नास हजार लोकांना काम देऊ. ज्या शहरांना हवं असेल त्यांनी प्रस्ताव पाठवावेत. वस्ती दहा लाखांच्या वर असावी, विमानतळ पाऊण तासाच्या अंतरात असावा, शिकलेली माणसं मिळावीत. आणि करात काय सवलत देणार, सरकारी तिजोरीतून काय देणार, तेही लिहा.

अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोतून मिळून २३८ प्रस्ताव आले. टूसॉनहून एकवीस फुटी निवडुंग सिएटलला भेट म्हणून निघाला. कॅन्सस सिटीच्या महापौरांनी अ‍ॅमेझॉनवरून हजार वस्तू विकत घेतल्या आणि प्रत्येकीला पाच तारे देऊन आपल्या शहराचं कौतुक लिहिलं. जॉर्जिया राज्यातल्या स्टोनक्रेस्ट गावाने तर ३४५ एकर जमीन वेगळी काढून तिथे ‘अ‍ॅमेझॉन’ नावाचं नवं शहर वसवायची तयारी दाखवली. जगभर लोक या बातम्यांना हसले. मला हसू आलं नाही. आपल्या पोरांना काम मिळावं म्हणून एखादं गाव स्वतःचं नाव द्यायला निघतं, तेव्हा त्यामागे केवढी निकड असेल, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. गिरण्यांच्या काळापासून आपण घरटी एक माणूस मुंबईला पाठवत आलो. मी ज्या मुलांना अर्थशास्त्र शिकवलं, त्यातली बरीचशी आज पुण्यात, पनवेलला, ठाण्याला आहेत आणि गणपतीत भेटतात.

पण या चढाओढीची एक बाजू लोकांसमोर आली नाही, आणि आज मला तिच्याबद्दलच बोलायचं आहे. कोणत्या शहराने काय देऊ केलं, हे बहुतेक ठिकाणी तिथल्या नागरिकांनाच माहीत नव्हतं. अधिकाऱ्यांनी गुप्ततेच्या करारांवर सह्या केल्या होत्या. काही ठिकाणी निवडून आलेल्या नगरसेवकांनासुद्धा आकडा कळला नाही.

दापोली तालुक्यातल्या हर्णै बंदरावर ज्यांनी लिलाव पाहिला आहे, त्यांनी तो जरा आठवावा. बोटी लागतात, माल किनाऱ्यावर येतो, वाळूवर वाटे पडतात. सुरमई एकीकडे, कोळंबी एकीकडे. भोवती घेणाऱ्यांचं कोंडाळं. बोली लावणारी बाई आधी वाकून माल पाहते, कल्ला उचलून आतला रंग बघते, आणि मग चारचौघांना ऐकू जाईल असा आकडा बोलते. शेजारणीचा आकडाही तिच्या कानावर पडलेला असतो. पैसे तिच्या स्वतःच्या कनवटीचे असतात. बाजारात माल पडून राहिला तर खोट तिलाच खावी लागते, म्हणून ती कुठे थांबायचं ते जाणते. अ‍ॅमेझॉनच्या चढाओढीत यातलं काहीच नव्हतं. बोली लावणाऱ्याला शेजाऱ्याचा आकडा ठाऊक नाही, माल अजून जन्मालाच यायचा आहे, आणि पैसे तिसऱ्याचेच, कर भरणाऱ्याचे. सगळे आकडे एकत्र दिसत होते ते फक्त कंपनीला.

पुढे काय झालं? जानेवारी २०१८ मध्ये वीस नावं उरली. नोव्हेंबरमध्ये निकाल लागला, तो दोन शहरांत वाटून: न्यूयॉर्कमधली लाँग आयलंड सिटी आणि वॉशिंग्टनला लागून असलेली व्हर्जिनिया राज्यातली आर्लिंग्टन. दोन्हीकडे पंचवीस-पंचवीस हजार नोकऱ्या. न्यूयॉर्कने सुमारे तीन अब्ज डॉलरच्या सवलती देऊ केल्या होत्या. करार उघड झाला तेव्हा त्यात कंपनीसाठी हेलिपॅडची सोयही निघाली. भाड्याची घरं परवडत नाहीत म्हणून आधीच बेजार असलेले लोक निदर्शनं करायला रस्त्यावर उतरले, नगरसेवकांनी भर सभेत जाब विचारला, आणि १४ फेब्रुवारी २०१९ रोजी कंपनीने न्यूयॉर्कमधून अंग काढून घेतलं. प्रस्ताव पाठवण्याआधी त्या वस्तीतल्या लोकांना विचारलं असतं तर पंचवीस हजार नोकऱ्यांचा हा सौदा टिकलाही असता, असं मला वाटतं. लोकांना शेवटी सांगितलं की ते चिडतात. सुरुवातीला सांगितलं की निदान घासाघीस तरी करतात.

व्हर्जिनियाची गोष्ट मात्र नीट ऐकण्यासारखी आहे. आर्लिंग्टनच्या जवळच, पोटोमॅक नदीच्या पलीकडच्या बाजूला मेरीलँड राज्य. मेरीलँडने देऊ केलेलं पॅकेज होतं साडेआठ अब्ज डॉलरचं. न्यूयॉर्कसमोर हडसन नदीपलीकडच्या नेवार्कने देऊ केले होते सात अब्ज. दोन्ही हरले, आणि तेही आपल्यापेक्षा कितीतरी कमी पैसे देणाऱ्या शेजाऱ्याकडून. व्हर्जिनियाने पहिल्या पंचवीस हजार नोकऱ्यांसाठी साधारण ५७ कोटी ३० लाख डॉलर कबूल केले, तेही नोकऱ्या प्रत्यक्ष निर्माण झाल्यावर द्यायचे. खरा जोर दिला तो उच्च शिक्षणावर: संगणकशास्त्राचे हजारो जादा पदवीधर तयार करायचे, व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचं नवं संकुल अलेक्झांड्रियात उभारायचं. टोरांटोने तर जादा आर्थिक सवलत देऊच केली नाही आणि आपला प्रस्ताव लोकांना वाचायला खुला ठेवला. तरीही पहिल्या विसात त्याचं नाव होतं.

पैसे उधळल्याशिवाय कोणी येत नाही, असं जेव्हा आपल्याला सांगितलं जातं, तेव्हा हे आकडे समोर ठेवावेत. कंपनी शेवटी तिथे गेली, जिथे तिला हवी असलेली माणसं आधीच राहत होती. आणि तिथेही सगळं ठरल्यासारखं झालं नाही. २०२३ च्या मार्चमध्ये आर्लिंग्टनमधल्या दुसऱ्या टप्प्याचं बांधकाम कंपनीने थांबवलं. जूनमध्ये पहिला टप्पा उघडला. पण पैसे कामाच्या हिशोबाने द्यायचे असल्यामुळे व्हर्जिनियाची तिजोरी आधीच रिकामी झालेली नव्हती.

जिथे आधीच खर्च करून टाकला, तिथलं उदाहरण अमेरिकेतल्याच विस्कॉन्सिन राज्यातलं आहे. २०१७ मध्ये फॉक्सकॉन या तैवानी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने तिथे दहा अब्ज डॉलर आणि तेरा हजार नोकऱ्यांची घोषणा केली. माउंट प्लेझंट गावाने जमीन मोकळी करण्यासाठी माणसांची राहती घरं घेतली, रस्ते रुंद केले, कर्ज काढलं. २०२१ मध्ये नवा करार झाला, त्यात उरल्या १,४५४ नोकऱ्या. पुढे त्या परिसरात मायक्रोसॉफ्टने जमीन घेतली, तेव्हा गावाला थोडा श्वास मिळाला. पण उठवलेली घरं काही परत आली नाहीत.

फॉक्सकॉनचं नाव आपल्याला आठवतं ते तळेगावमुळे. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथे येईल असं वाटत असलेला वेदांता-फॉक्सकॉनचा एक लाख चोपन्न हजार कोटींचा प्रकल्प गुजरातला गेला, तेव्हा इथे केवढा गदारोळ झाला होता! जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेर पडली. त्या वेळी गदारोळ झाला नाही. प्रकल्प गेल्याचा हिशोब आपण मांडतो, तो आला असता तर आपण काय दिलं असतं याचा मांडत नाही.

आता कोकणात येऊ. त्याच सप्टेंबर २०२२ मध्ये आणखी एक निकाल लागला होता. केंद्र सरकारला देशात औषधांच्या कच्च्या मालाची तीन उद्यानं उभारायची होती. सगळे त्याला बल्क ड्रग पार्क म्हणतात. एकूण तीन हजार कोटींची योजना. तेरा राज्यांनी अर्ज केले, आणि महाराष्ट्राची जागा होती आपल्या रायगडात, रोहा आणि मुरूड तालुक्यांत. निवड झाली हिमाचल, गुजरात आणि आंध्रची. इथे ‘आणखी एक प्रकल्प पळवला’ असे मथळे आले. दुसरीकडे, ज्यांच्या भातशेतीवर हा पार्क यायचा होता, त्या गावांत विरोध चाललाच होता. बाहेर लोक हळहळत होते आणि गावात सुटकेचा निःश्वास टाकला जात होता.

गुण कशाला होते? वीज-पाण्याचे दर, जमिनीचं भाडं, राज्य देणार असलेल्या सवलती, दळणवळण, तंत्रज्ञ माणसांची उपलब्धता. म्हणजे पाणी आणि जमीन जितकी स्वस्त लावाल तितके गुण जास्त. या स्पर्धेत हिमाचलने जमीन वर्षाला चौरस मीटरला एक रुपया भाड्याने आणि वीज तीन रुपये युनिटने देऊ केली होती. हिमाचल जिंकलं. आणि २०२४ मध्ये त्याच राज्याच्या सरकारने केंद्राकडून मिळालेले पैसे परत करून पार्क स्वतःच उभारायचं ठरवलं. कारण काय दिलं? या दराने जमीन आणि वीज देणं राज्याच्या हिताचं नाही.

श्रोतेहो, रोहा-मुरूडसाठी आपल्या वतीने काय देऊ केलं होतं, तो कागद किती जणांनी पाहिला? पाणी कुठल्या धरणातून, रोज किती? सांडपाणी कुठल्या खाडीत? हा प्रश्न मी उगाच काढत नाही. लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीने खेड-चिपळूणच्या कितीतरी घरांची चूल पेटवली, हे खरं आहे. आणि दाभोळ खाडीत मासे मरून तरंगल्याच्या तक्रारी तिथले मच्छीमार वर्षानुवर्षं करत आले आहेत, हेही तितकंच खरं आहे. पगार एका घरात जातो आणि जाळं दुसऱ्या घरात रिकामं येतं. करार करताना या दुसऱ्या घरातलं कोणी तिथे नसतं.

‘आम्ही नाही दिलं तर शेजारचं राज्य देईल,’ असं म्हणतात. बरोबर आहे, म्हणूनच हा प्रश्न एकट्या गावाने सुटणारा नाही. युरोपीय संघात सरकारला कंपनीला मदत द्यायची तर युरोपीय आयोगाचे नियम आड येतात. अमेरिकेत कॅन्सस आणि मिझुरी ही दोन राज्यं एकाच शहराच्या दोन बाजूंना आहेत. सवलतीसाठी कंपन्या रस्ता ओलांडून इकडून तिकडे जात राहिल्या, नवी नोकरी एकही न देता. शेवटी २०१९ मध्ये दोघांनी तह केला. आपल्याकडे महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, गुजरात यांच्यात असा काही समझोता व्हावा असं मला मनापासून वाटतं. पश्चिम किनारा एकच आहे, समुद्र एकच आहे.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करू. कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि एप्रिलमध्ये वाड्यांवर टँकर येतो. कोयनेची वीज करून सोडलेलं पाणी वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. दापोलीला कृषी विद्यापीठ आहे, रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. कंपनीला सवलत म्हणून जी रक्कम जाणार, तिच्यातला काही भाग पाण्याच्या योजनेवर, आयटीआयच्या नव्या यंत्रांवर, तालुक्याच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या रिकाम्या जागांवर लावला, तर कंपनी आली तरी तो उपयोगी, आणि नाही आली तरी गावातच राहणारा.

आणि कागद मागा. एमआयडीसीची जमीन संपादनाची, म्हणजे ३२(२) ची नोटीस हातात पडेपर्यंत थांबू नका. तिच्यात सातबाऱ्यावरच्या सगळ्या नावांना हरकत घ्यायला बोलावतात, आणि निम्मी नावं विरार-नालासोपाऱ्याला असतात. तारीख निघून जाते आणि मग भावाभावांत ‘तू सही का केलीस’ सुरू होतं. आधीच कळलं तर निदान सगळे एकत्र बसतील. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरला ग्रामसभा असतात. प्रकल्पाची नुसती कुजबुज कानावर आली तरी तो विषय लेखी देऊन सभेपुढे आणा.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज जोडपत्र ‘अ’ मध्ये करा, वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून मोजकंच विचारा: जमीन किती आणि कुठल्या दराने, पाणी रोज किती आणि कुठून, सवलत कशावर आणि किती वर्षं, नोकऱ्या कुठल्या वर्षापर्यंत किती, आणि त्या झाल्या नाहीत तर सवलत परत घेण्याचं कलम करारात आहे का. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. व्यापारी गुपित म्हणून नकार आला तर कलम ८(१)(ड) पुरतं वाचा. व्यापक जनहित असेल तर ती माहितीही द्यावी लागते, असं त्याच कलमात लिहिलं आहे. पहिल्या अपिलाची मुदत नकार मिळाल्यापासून तीस दिवसांची आहे. उत्तराचं पाकीट त्यावरच्या तारखेच्या शिक्क्यासकट जपून ठेवा.

नमस्कार.