सातबाऱ्यावरची माणसं

[दृश्य: पाऊस उघडल्यावरची कोकणातली वाडी. चिऱ्याचं घर, मागे आंब्याची कलमं. लांबून गाडीची शिटी.]

कोकणातला सातबारा कधी उघडून पाहिलाय? जमीन अकरा गुंठे आणि नावं सतरा. त्यातली चार माणसं वारलेली, निम्मी मुंबईला, एकाचा पत्ता कुणालाच ठाऊक नाही. आणि जे दोघे गावात आहेत, त्यांचं एकमेकांशी बोलणं नाही.

१९९० साली अशा जमिनींतून रेल्वे न्यायची होती. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत, सुमारे ७४० किलोमीटर. जमीनमालक चाळीस हजारांच्या वर. १८९४ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे नोटिसा, हरकती, सुनावण्या असं सगळं रीतसर करत बसलं असतं, तर पहिला रूळ कधी पडला असता याचा हिशेब न केलेला बरा.

बहुतेक जमीन हातात आली साधारण वर्षभरात.

कोकण रेल्वे म्हटलं की आपण बोगदे मोजतो. ९१. पूल मोजतो, लहानमोठे धरून दोन हजारांच्या आसपास. रत्नागिरीजवळच्या पानवलच्या पुलाखाली उभं राहून ६४ मीटर वर मान करून बघतो. बघावंच तसं आहे ते. पण आज आपण थांबणार आहोत त्याच्या आधी. ओटीवर.

[दृश्य: ओटी. पितळी तांब्या. भिंतीवर जुने फोटो.]

कोकण रेल्वे महामंडळाची धुरा आली ई. श्रीधरन यांच्याकडे. रेल्वेच्या नोकरीतून नुकतेच निवृत्त, वय ५८. त्यांनी मार्गाचे सात भाग पाडले: महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार आणि उडुपी. प्रत्येकाला एक मुख्य अभियंता, जागच्या जागी निर्णय घेणारा. कागदावर ही नुसती विभागणी दिसते. पण ज्याच्या कलमांतून लाईन जाणार आहे, त्याच्यासमोर बसून ‘बेलापूरला, मुख्य कचेरीत, विचारून सांगतो’ म्हणणाऱ्या साहेबाला तो पाणी देईल, जमीन देणार नाही. समोरच्याचं दुःख समजलं, पण त्यावर काही करायचा अधिकारच नसेल, तर ते समजणं काय कामाचं?

कायद्याचं चक्र पूर्ण फिरायची वाट न बघता महामंडळाची माणसं जमीनमालकांच्या घरी गेली. समजूत घातली, संमती मागितली. अनेकांनी ती दिली.

आता हे वाक्य मी दोन सेकंदांत म्हणून टाकलं. प्रत्यक्षात ते काय असतं बघा. आंब्याचं कलम आजोबांनी लावलेलं असतं. सरकार त्याची किंमत लावतं फळावर आणि वयावर. विहीर लाईनच्या एका बाजूला राहणार, घर दुसऱ्या. वाडीतून देवळाकडे जाणारी पाणंद मधोमध तुटणार. म्हातारी विचारते, गुरं कुठून न्यायची? या प्रश्नाला दर सांगून उत्तर होत नाही. कोकणी माणूस भावासाठी घासाघीस करेल, कोर्टातही जाईल, पण त्याआधी कुणीतरी येऊन त्याला विचारलेलं असावं लागतं. न विचारता खुंटी ठोकली की विषय जमिनीचा उरत नाही, मानाचा होतो.

हल्ली प्रकल्प व्यवस्थापनाच्या वर्गात याला ‘भावनिक बुद्धिमत्ता’ म्हणतात. तिची दोन दिवसांची कार्यशाळा होते, जेवणासकट.

[दृश्य: जुनी छायाचित्रं. वळणावळणाचा घाट, लाल एसटी.]

तरी सगळं श्रेय अभियंत्यांच्या गोड बोलण्याला देऊ नये. जमीन आधीच नांगरलेली होती. राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै यांनी कोकणच्या रेल्वेचा प्रश्न लावून धरला, त्यांच्यामागे मधु दंडवते यांनी. १९८६ मध्ये गाडी रोह्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली. पुढच्या गावांत ‘रेल्वे येतली, येतली’ ऐकत दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. १९९० मध्ये दंडवते अर्थमंत्री होते, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. ओटीवर येऊन बसलेला साहेब अनोळखी होता, त्याने आणलेली बातमी नव्हती.

गोव्यात अशी वाट पाहणं नव्हतं, म्हणूनच तिथे गाडं अडलं, असं मला वाटतं.

[दृश्य: भरती. खाजन शेतं, बांध, मानशीची दारं.]

गोव्याकडे १८८० च्या दशकापासून रेल्वे होती, मुरगाव बंदराची. तिथे गाडीची ती भूक नव्हती. होती ती खाजनांची काळजी. खाडीचं खारं पाणी बांध घालून अडवायचं, मानशीच्या दारांनी आत-बाहेर सोडायचं आणि त्या जमिनीत भात पिकवायचं, ही शेकडो वर्षांची घडी. तिच्यातून रेल्वेचा भराव गेला तर पाण्याची वाट बदलणार. शिवाय जुन्या गोव्यातली चर्च, दाट वस्तीची गावं. लाईन आत, डोंगराकडे न्या, अशी मागणी उठली. मोर्चे निघाले. १९९३ मध्ये गोव्यातलं काम थांबलं, न्यायमूर्ती ओझा यांचा आयोग बसला, आणि अखेर मार्ग बहुतांशी तोच राहिला.

तेच महामंडळ, तीच जिद्द. रत्नागिरीत जे बोलणं पोचलं, ते इथे पोचलं नाही. रत्नागिरीच्या माणसाला रेल्वे हवी होती, त्याला तिची किंमत समजावायची होती. गोव्याच्या माणसाचा प्रश्नच वेगळा होता. तो आराखडा होण्याआधी ऐकायचा, की मोर्चा दारात आल्यावर, एवढाच काय तो फरक. आराखड्यावर रेघ ओढून झाली की ऐकणाऱ्याचे कानही थोडे त्या रेघेच्या बाजूचे होतात.

[दृश्य: बोगद्याचं तोंड. ठिबकणारं पाणी. संगीत नाही.]

सह्याद्रीचा काळा दगड फोडायला स्वीडनहून यंत्रं आणली. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा त्यातूनच झाला. पण नऊ बोगदे मऊ मातीचे निघाले. चिखल, वरून पाणी. तिथे यंत्र चालेना. हातांनी, वीतवीत खणायचं, आणि केलेलं काम पुन्हा खाली यायचं. गोव्यातला पेडण्याचा बोगदा त्यातलाच. या नऊ बोगद्यांत चार वर्षं गेली आणि १९ माणसं.

बोगदा एकदा कोसळल्यावर दुसऱ्या दिवशी पाळीवर आलेल्या मजुराला आत काय सांगून पाठवायचं? मुदत पाच वर्षांची होती. ती हुकली. माझ्या मते या प्रकल्पातली ही सगळ्यात कमी लाजिरवाणी गोष्ट.

२६ जानेवारी १९९८. रोहा ते ठोकूर, सलग गाडी धावली.

[दृश्य: रत्नागिरी स्थानक. श्रमशक्ती स्मारक.]

बांधकामात गेलेल्यांचं स्मारक रत्नागिरीला आहे. एकूण ७४ जण. गणपतीच्या दिवसांत गाड्या इथे गच्च भरून येतात. उतरणाऱ्यांच्या हातात पिशव्या, मुलं, मखराचं सामान. बाहेर रिक्षावाले गावांची नावं पुकारत असतात.