तीन मीटरच्या बोळातली लेन्स

पुण्यात हौसेने छायाचित्रण करणारी मंडळी एकत्र जमली की एक प्रश्न हमखास निघतो: एकच लेन्स जवळ ठेवायची झाली, तर कोणती ठेवाल? उत्तरे लगेच येतात आणि ती बहुधा आकड्यांत असतात. कोणी पन्नास म्हणतो, कोणी पस्तीस, कोणी पंच्याऐंशी, आणि पक्ष्यांच्या नादी लागलेला एखादा सहाशेच्या खाली बोलायलाच तयार नसतो. मात्र हे मिलिमीटरचे आकडे, म्हणजे लेन्सची फोकल लेंग्थ (आकडा जितका लहान, तितका रुंद भाग चौकटीत येतो), प्रत्यक्षात काय ठरवतात आणि त्यांतला एखादा आपल्याच हाताला का बसतो, याचा विचार खरेदीच्या आधी क्वचितच होतो. तो विचार आपण शहरातल्या काही ओळखीच्या जागी उभे राहून करणार आहोत.

बहुतेकांची सुरुवात कॅमेऱ्याच्या खोक्यातच आलेल्या १८-५५ च्या झूमने, म्हणजे फोकल लेंग्थ बदलता येणाऱ्या लेन्सने, होते. किट लेन्स म्हणून तिला नाके मुरडण्याची पद्धत आहे. परंतु स्वतःची आवड शोधायला तिच्याइतके स्वस्त साधन दुसरे नाही. प्रत्येक डिजिटल छायाचित्राच्या फाइलमध्ये ते कोणत्या फोकल लेंग्थवर टिपले गेले याची नोंद असते. जुनी छायाचित्रे उघडून ही नोंद पाहिली, तर पुष्कळशी १८ वर आणि ५५ वर साठलेली आढळतात, कारण घाईत आपण झूमची रिंग अडेपर्यंत फिरवतो. ही दोन टोके बाजूला ठेवून, मधल्या आकड्यांवर जी छायाचित्रे आहेत आणि त्यांतली जी आजही आपल्याला पाहावीशी वाटतात, ती पाहावीत. त्यांच्यात एखादा आकडा पुन्हापुन्हा येत असेल, तर त्याची दखल घ्यावी.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. किट लेन्सचे १८-५५ वगळता या निवेदनातले आकडे फुल फ्रेम कॅमेऱ्याचे, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरच्या सेन्सरचे आहेत. हौशी छायाचित्रकारांकडे बहुधा क्रॉप, म्हणजे याहून लहान, सेन्सरचा कॅमेरा असतो आणि त्यावर हाच आकडा दीडपटीने, कॅननच्या बाबतीत १.६ पटीने, वाढल्यासारखा वागतो. त्यामुळे मित्राची पन्नास पाहून आणलेली पन्नास आपल्या कॅमेऱ्यावर पंचाहत्तर किंवा ऐंशीसारखी दिसते आणि घरातल्या खोलीत भिंतीला पाठ टेकली तरी माणसे चौकटीत मावत नाहीत.

आता कसबा पेठेतल्या एखाद्या अरुंद बोळात येऊ. समोर जुन्या वाड्याचा दरवाजा आहे, उंबऱ्याशी एक गृहस्थ उभे आहेत, आणि आपली पाठ समोरच्या भिंतीला लागलेली आहे. दोघांमधले अंतर तीन मीटर आहे असे धरू. त्यापलीकडे मागे सरकायला जागाच नाही. कॅमेरा आडवा धरून पन्नासच्या लेन्सने पाहिले, तर या अंतरावरून उंचीला १ मीटर ४४ सेंटिमीटर एवढाच भाग चौकटीत येतो. गृहस्थांचे पाय तरी तुटतात किंवा डोके तरी. पंच्याऐंशीच्या लेन्सने तर जेमतेम कमरेपर्यंतचाच माणूस दिसतो. दरवाजा कोणाच्या घरचा होता हे कळायला मार्ग उरत नाही. पस्तीसची लेन्स लावली, की तेच माप २ मीटर ६ सेंटिमीटर होते. माणूस डोक्यापासून पायापर्यंत उभा राहतो, खाली पायरीचा झिजलेला दगड येतो, आणि वर चौकटीच्या लाकडाला बांधलेल्या तोरणाचीही थोडी झालर येते. अठ्ठावीसने आणखी पुष्कळ येते, पण त्यात शेजारच्या दुचाकीचा आरसा आणि डोक्यावरच्या केबलींचे जाळेही येते, आणि पेठेत छायाचित्र काढणाऱ्याचा अर्धा वेळ या दोन गोष्टी टाळण्यातच जातो.

म्हणजे पेठांमध्ये पस्तीस अनेकांना आवडते याचे कारण लेन्सच्या काचेपेक्षा बोळाच्या रुंदीत अधिक आहे. मोकळ्या मैदानात वावरणाऱ्याला हाच आकडा अगदी पसरट वाटेल.

येथेच एक गैरसमज दूर करायला हवा. लांब लेन्स पार्श्वभूमी जवळ ओढते आणि रुंद लेन्स चेहरा बेढब करते, असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः या दोन्ही गोष्टी आपण किती अंतरावर उभे आहोत यावर ठरतात. लेन्स फक्त चौकटीत किती भाग घ्यायचा ते ठरवते. चेहऱ्यापासून ४० सेंटिमीटरवर कॅमेरा धरला, तर नाकाच्या शेंड्यापेक्षा कान सुमारे दहा-बारा सेंटिमीटर मागे असल्यामुळे नाक प्रमाणाबाहेर मोठे दिसते. दोन मीटरवर गेल्यावर त्याच दहा-बारा सेंटिमीटरना काही किंमत राहत नाही आणि चेहरा आपल्या ओळखीचा दिसू लागतो. मोबाइलमधल्या स्वतःच्या छायाचित्रावर नाराज असणाऱ्यांनी दोष लेन्सला न देता हाताच्या लांबीला द्यावा. म्हणूनच आवडती लेन्स शोधणे म्हणजे पुष्कळ अंशी समोरच्या माणसापासून किती अंतरावर उभे राहणे आपल्याला मानवते, हे शोधणे होय. काहींना अनोळखी माणसाशी दोन शब्द बोलून दीड मीटरवर यायला संकोच वाटत नाही. काहींना तो वाटतो, आणि त्यांनी पस्तीस घेतली, तर त्यांच्या छायाचित्रांत माणसे लहान आणि रस्ता मोठा, असेच होत राहते.

दीड मीटर म्हणजे किती, हे मंडईत नेमके कळते. १८८६ साली बांधून झालेल्या महात्मा फुले मंडईच्या छपराखाली सकाळीही उजेड बेताचाच असतो. गाळ्याच्या ओट्यावर बसलेल्या मावशी मेथीच्या जुड्या बांधत आहेत. मुळांची माती अजून ओली आहे, आणि सुतळीचा वेढा देताना अंगठा काडीवर दाबला गेला की नखाची कड पांढरी पडते. किट लेन्स ५५ वर नेली, की तिचे अ‍ॅपर्चर म्हणजे उजेड आत घेणारे छिद्र एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही; एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे. पन्नासची साधी प्राइम, म्हणजे झूम नसलेली एकाच आकड्याची लेन्स, एफ १.८ पर्यंत उघडते आणि जवळजवळ दहापट उजेड आत घेते. ज्या उजेडात किट लेन्सला सेकंदाचा विसावा भाग लागतो आणि बोटे हललेली येतात, तेथे प्राइमला दोनशेवा भाग पुरतो. परंतु या उजेडाची किंमत मोजावी लागते. दीड मीटरवरून एफ १.८ वर जेमतेम १० सेंटिमीटर खोलीचा पट्टाच स्पष्ट येतो. बोटे स्पष्ट घेतली तर मागचा चेहरा विरघळतो, आणि डोळे स्पष्ट घेतले तर मेथी नुसती हिरवी धूसर होते. एफ ५.६ वर हा पट्टा सुमारे ३० सेंटिमीटरचा होतो, पण मग आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाबाबतची संवेदनशीलता, वाढवावी लागते. नवी प्राइम हाती आली, की प्रत्येक छायाचित्र एफ १.८ वरच काढायचे आणि मागे विरघळलेल्या दिव्यांचे गोळे कौतुकाने दाखवायचे, हा काळ बहुतेकांच्या वाट्याला येतो. तो ओसरल्यावरच लेन्स खऱ्या अर्थाने वापरात येते, असे आमचे मत आहे.

ही पन्नास इतकी स्वस्त आणि तरी इतकी चांगली कशी, याचे उत्तर तिच्या वयात आहे. जर्मनीच्या झाइस या लेन्स कंपनीतल्या पॉल रुडॉल्फ यांनी १८९६ मध्ये प्लॅनर ही सहा भिंगांची, मधल्या अ‍ॅपर्चरच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखी असलेली रचना मांडली. दोन्ही अर्धे एकमेकांचे काही दोष परस्पर खोडून काढतात. आजच्या अनेक साध्या पन्नास लेन्स याच घराण्यातल्या आहेत. रचना सव्वाशे वर्षे घोटलेली आणि भिंगे मोजकी असल्यामुळे ती बनवायला फार खर्च येत नाही. १९२५ मध्ये जर्मनीतल्या लाइप्झिगच्या व्यापारी मेळ्यात आलेल्या पहिल्या लायका कॅमेऱ्यावरही पन्नासचीच लेन्स होती, आणि तेव्हापासून हा आकडा सर्वसाधारण मानला गेला.

पुण्यातल्या पुष्कळ घरांत वडिलांचा किंवा काकांचा फिल्मचा कॅमेरा माळ्यावर पडून आहे आणि त्यालाही बहुधा पन्नासच्या आसपासचीच लेन्स लावलेली असते. ती आजच्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यावर चालते, याचे कारण साधे आहे. आरशाच्या जुन्या कॅमेऱ्यांत लेन्सचा माउंट, म्हणजे ती बसवण्याची कडी, फिल्मपासून साधारण ४५ मिलिमीटर दूर असे, तर आजच्या बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांत हे अंतर १६ ते २० मिलिमीटर आहे. मधली जागा भरून काढणारी, आत एकही काच नसलेली नळी, म्हणजेच अडॅप्टर, बसवला की काम होते. फोकस हाताने करावा लागतो आणि अ‍ॅपर्चरची रिंग एकेका टप्प्यावर खट्ट आवाज करत फिरते. ज्यांना हे आवडते, त्यांना नवी लेन्स नंतर कितीही वेगवान असली तरी कोरडी वाटते.

अशी लेन्स उचलताना दोन्ही झाकणे काढून, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून, एका बाजूने टॉर्चचा उजेड पाडावा आणि दुसऱ्या बाजूने तिरके पाहावे. काचेच्या कडेपासून आत सरकणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले, तर ती बुरशी होय. पुण्याच्या पावसाळ्यात बंद कपाटात, त्यातही चामड्याच्या कव्हरात ठेवलेल्या लेन्सला ती हटकून गाठते, आणि फार दिवस राहिली तर काचेवरचा लेपही खाते. हवाबंद डबा, त्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आणि ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखलेली आर्द्रता एवढ्याने बुरशी टळते.

विसर्जन मिरवणुकीचा विचार वेगळा करावा लागतो. लक्ष्मी रस्त्यावर ढोल-ताशाच्या पथकासमोर गुलाल उडत असताना लेन्स बदलणे म्हणजे सेन्सरवर गुलाल शिंपडून घेणे आहे. तेथे घरून निघतानाच निर्णय घ्यावा: गर्दीत शिरायचे असेल तर पस्तीस, एखाद्या गॅलरीत जागा मिळाली असेल तर ७०-२००. पुण्याबाहेर कवडीला किंवा भिगवणला पाणपक्ष्यांसाठी जाणाऱ्यांना मात्र निवडीचे फारसे स्वातंत्र्य नसते. किती जवळ येऊ द्यायचे हे तेथे पक्षी ठरवतो, आणि ३०० मिलिमीटर बहुधा कमीच पडतात.

विकत घेण्यापूर्वी लेन्स एक-दोन दिवस भाड्याने मिळते, परंतु त्याहीआधीचा उपाय बिनखर्चाचा आहे. झूमची रिंग एका आकड्यावर चिकटपट्टीने पक्की करावी आणि आठवडाभर त्याच आकड्यावर काम करावे. क्रॉप सेन्सरवर २४ ठेवला, की पस्तीसचा अंदाज येतो आणि ३५ ठेवला, की पन्नासचा. पट्टी काढण्याची इच्छा कोणत्या ठिकाणी झाली, हे लिहून ठेवावे. ती इच्छा दर वेळी जवळ जाण्यासाठी झाली असेल आणि पाय मात्र पुढे पडले नसतील, तर पेठेतल्या इतरांचे मत काहीही असो, पंच्याऐंशी घ्यावी.