13 विजय, 12 पराभव, तरीही वर्षातला सर्वोत्तम पिचर

नमस्कार मंडळी! 23 सप्टेंबर 2010, टोरोंटो. बेसबॉलचा सामना. सिॲटल मरिनर्सकडून फेलिक्स हर्नांडेझ पिचिंग करतोय, म्हणजे आपल्या बोलरसारखा बॉल टाकतोय. पहिल्याच इनिंगमध्ये टोरोंटोचा बॅटर होझे बाउटिस्टा त्याचा बॉल स्टँडमध्ये भिरकावतो. बाउटिस्टाचा त्या मोसमातला 50वा होमरन. पुढे आठवी इनिंग संपेपर्यंत फेलिक्स एकही रन देत नाही. सामना संपला तेव्हा टोरोंटो 1, सिॲटल 0. फेलिक्सच्या नावावर चढला पराभव.

आपण क्रिकेटवाले इथेच अडखळतो. बोलरने 20 रनमध्ये 5 विकेट काढल्या आणि नंतर बॅटिंग ढेपाळली, तर हरते ती टीम. बेसबॉलमध्ये मात्र प्रत्येक सामन्याचा विजय एका पिचरच्या खात्यात जातो आणि पराभवही एकाच्या. शिवाय अमेरिकन लीगमध्ये (दोन मोठ्या लीगपैकी सिॲटलची; दुसरी नॅशनल लीग) 1973पासून पिचरच्या जागी दुसराच खेळाडू बॅटिंग करतो. म्हणजे रन काढणं फेलिक्सच्या हातात नव्हतंच.

आता साय यंग पुरस्कार. 1956पासून दिला जातो, मोसमातल्या सर्वोत्तम पिचरला (आता प्रत्येक लीगमध्ये एकाला), आणि मतं देतात बेसबॉल कव्हर करणारे पत्रकार. ज्याच्या नावाने तो आहे त्या साय यंगने कारकिर्दीत 511 सामने जिंकले. त्यामुळे विजय मोजायची सवय किती खोल मुरलेली असेल, बघा.

[स्क्रीनवर तक्ता]

2010. न्यूयॉर्क यँकीजचा सीसी सबाथिया: 21 विजय, 7 पराभव. टॅम्पा बेचा डेव्हिड प्राइस: 19 आणि 6. फेलिक्स: 13 आणि 12. एवढंच पाहिलं तर फेलिक्सचं नाव चर्चेतही येणार नाही.

आता शेजारचा रकाना बघा, ईआरए. पिचरच्या माथी आलेले रन, म्हणजे फील्डरच्या चुकांमुळे झालेले वगळून, दर 9 इनिंगमागे किती? फेलिक्सने 249 पूर्णांक दोन तृतीयांश इनिंग टाकल्या, असे रन दिले 63. 63 गुणिले 9, भागिले इनिंग: 2.27. लीगमध्ये सर्वांत कमी. प्राइस 2.72, सबाथिया 3.18. इनिंगही फेलिक्सच्याच सर्वाधिक. स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर थेट बाद केलेले बॅटर, 232, पहिल्या क्रमांकाला एकच कमी.

मग जिंकला का नाही? कारण सिॲटलने 162 सामन्यांत काढले 513 रन. यँकीजनी काढले 859. सामन्यामागे दोनपेक्षा जास्त रनांचा फरक! सबाथिया मैदानात उतरायचा तेव्हा मागे बॅटिंगचा डोंगर उभा असायचा. तो उत्तम पिचर होता, यात शंकाच नाही. पण त्या 21मधला किती वाटा त्याचा आणि किती बॅटरांचा, हे 21 हा आकडा सांगूच शकत नाही.

समोरची बाजूही ऐकू. पहिला आक्षेप: सिॲटलचं मैदान पिचरला साथ देणारं होतं. खरं आहे, आणि ईआरएच्या फरकातला थोडा भाग त्यात जातो, हे मी मान्य करतो. म्हणून स्ट्राइकआउट आणि वॉक (चार चुकीच्या बॉलमुळे बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस) बघायचे. तिथे फील्डरचा संबंध नाही आणि मैदानाचा परिणामही कमी. त्यातही फेलिक्स सबाथियाच्या पुढेच आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो. सिॲटलने 101 सामने गमावले, त्यांना गमावण्यासारखं काय होतं? दडपण होतं ते न्यूयॉर्कवर. ठीक. मग फेलिक्स त्याच न्यूयॉर्कविरुद्ध कसा खेळला ते बघू. तीन सामने, 26 इनिंग, दिलेला रन एक. तिन्ही जिंकले. त्यातले दोन यँकी स्टेडियममध्ये, लीगमधल्या सर्वांत जास्त रन काढणाऱ्या बॅटिंगसमोर. हा आकडा पहिल्यांदा पाहिला तेव्हाच माझं मत ठरलं होतं.

पत्रकारांनीही तोच कौल दिला. 28पैकी 21 जणांनी फेलिक्सला पहिल्या क्रमांकाचं मत दिलं. प्राइसला 4, सबाथियाला 3. आठ वर्षांनी नॅशनल लीगमध्ये जेकब डीग्रॉम 10 विजय आणि 9 पराभव घेऊन उभा होता, ईआरए 1.70. त्याला 30पैकी 29 मतं पडली. त्या वेळी फारशी खळखळ झाली नाही.

मला मात्र रुखरुख लागते ती 1987ची. नोलन रायन, वय 40. नॅशनल लीगमध्ये ईआरए सर्वांत कमी, 2.76. स्ट्राइकआउट सर्वाधिक, 270. खात्यात 8 विजय आणि 16 पराभव. पुरस्कार दुसऱ्यालाच गेला. पुढच्या व्हिडिओत त्याचा तो मोसम घेऊन बसू. तोपर्यंत तुम्ही 1987मध्ये कोणाला मत दिलं असतं आणि कोणता रकाना बघून, ते खाली लिहा. मी वाचतोय.