सही कशावर केलो?

(रात्र. देवळाचा सभामंडप. एका ट्यूबलाइटच्या उजेडात अंथरलेली सतरंजी.)

सुगी आटोपली, भात घरात आलं, की बेळगावच्या आसपासच्या गावांत नाटकाच्या तालमी सुरू होतात. कुणी उद्यमबागच्या कारखान्यातून सुटून आलेला असतो, कुणी डेअरीला दूध घालून. आज बसवताहेत दुसऱ्या अंकाचा शेवट.

नाटकातलं घर शेतकऱ्याचं आहे. वडील जाऊन तेरा दिवस झालेत. शिवारातून रस्ता जाणार, भरपाई मिळणार. कचेरीत विचारतात, वारस किती? धाकट्या भावाला वाटतं, तिघं. थोरला गप्प राहतो आणि कपाटातून एक स्टॅम्पपेपर काढतो. अक्काचं हक्कसोडपत्र. खाली तिची सही. तिला वाटत होतं, ती सही पंपसेटच्या कर्जासाठी होती.

(सकाळ. भाताची खाचरं. दूर शहराच्या इमारती.)

येळ्ळूर, शहापूर, वडगावचं हे शिवार बासमतीचं. हलगा-मच्छे बायपासला इथल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला, तो या मातीसाठी. पण रस्त्याची नोटीस आली की आणखी एक गोष्ट होते. घरातले जुने कागद बाहेर निघतात. माहेरी चोळी-बांगडीपुरती येणारी बहीण त्या दिवशी एकदम वारस ठरते.

नाटकातल्या अक्काचं लग्न १९८८ चं. कर्नाटकानं १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क दिला, पण आधीच लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं ती अट गेली. आणि कागदावरची तारीख आहे २००६ ची. घरातलं गुपित ते हेच. बहिणीला हक्क मिळाल्याचं भावाला तिच्याआधी कळलं होतं. पुढं २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मुलीचा हा हक्क जन्मापासूनचा आहे. तोवर अक्काची सही होऊन चौदा वर्षं उलटली होती.

मला या नाटकात सगळ्यात जास्त भिडला तो कागदच. तो कानडीत आहे. १९५६ च्या १ नोव्हेंबरला हा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि कचेरीची भाषा बदलली. अक्का मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. वाचता येत नाही म्हणून विचारावं कुणाला, तर भावाला. आणि भावावर संशय घ्यायचा नसतो, हे तिला शाळेच्याही आधी शिकवलेलं.

(पुन्हा सभामंडप.)

संहितेत अक्काचं वाक्य होतं, ‘मी सही केली, पण ती कशावर, हे मला कुणी सांगितलं नाही.’ अक्काचं काम करणाऱ्या बाईला चार दिवस ते वाक्य जमेना. मग दिग्दर्शक म्हणाले, ‘घरात बोलतीस तसं बोल की.’ इकडच्या बायका ‘मी आलो, मी केलो’ असंच म्हणतात. ती म्हणाली,

‘मी सही केलो. पण कशावर केलो, ते मला कोण सांगितलं?’

थोरल्याचं काम करणारा मुलगा पुढचं वाक्य विसरला. कुणी त्याला आठवण करून दिली नाही.

यानंतर भाचा कागद हातात घेतो. कानडी शाळेत शिकलेला, घरातला पहिलाच. एक ओळ कानडीत वाचतो, तीच मराठीत सांगतो. चतुःसीमा, सर्व्हे नंबर, गुंठे. ‘स्वखुशीने’ या शब्दापाशी अक्का त्याला थांबवते आणि तो शब्द पुन्हा वाचायला लावते. मग आणखी एकदा. प्रसंग सहा-सात मिनिटं चालतो, आणि त्यात एकही माणूस आवाज चढवत नाही.

तालीम संपली. सतरंजी गुंडाळली गेली. खांबाला टेकून बसलेली एक बाई तेवढी उठली नव्हती. भाच्याचं काम करणारा पोरगा चप्पल घालत होता, त्याला तिनं हाक मारली.

‘खरंच वाचायला येतं काय रे तुला? माझ्याकडं पण एक कागद आहे. उद्या घेऊन येतो.’